‘हर माल ९९’च्या मालकांना खुले पत्र

प्रति,
‘हर माल ९९’ या दुकानाचे मालक,
मेन रोड, खामगाव.

शेठ,

तुमच्याशी माझं भांडण आहे. ते तुमच्या काउंटरपाशी उभं राहूनही करता आलं असतं. पण तिथे असणाऱ्या पोरांना तुम्ही दोनच वाक्यं शिकवली आहेत, ‘एकच भाव’ आणि ‘बोर्ड वाचा’. त्यांच्याशी भांडून काय उपयोग? ती आपलीच पोरं आहेत, बारावीनंतर काही मिळालं नाही म्हणून तुमच्याकडे सकाळी दहा ते रात्री दहा उभी असतात. तुम्ही स्वतः कधी दुकानात दिसत नाही. म्हणून हे पत्र सगळ्या बाजारासमोर उघडं लिहितो आहे.

भांडण कशाचं नाही, ते आधी सांगतो. ‘गरिबाला चार पैसे स्वस्त मिळतात ते याला बघवत नाही,’ असं तुमच्या वतीने कुणीतरी म्हणणारच आहे. हा बुलढाणा जिल्हा आहे. २००६ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पंतप्रधानांना विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर करावं लागलं, त्या सहांत आमचं नाव होतं. इथे सोयाबीन निघेपर्यंत आणि कापूस वेचून होईपर्यंत हजारो घरांत रोख पैसा नसतो. अशा जिल्ह्यात स्वस्त मालाला नाक मुरडण्याचा हक्क कुणालाच नाही, मला तर मुळीच नाही. संग्रामपूर तालुक्यातून दोन गाड्या बदलून आलेली बाई तुमच्याकडे वीस रुपये वाचवत असेल, तर ती बरोबरच करते आहे.

तुम्ही बाहेरचे आहात, हाही माझा आक्षेप नाही. खामगाव बाहेरून आलेल्यांनीच मोठं केलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला, वऱ्हाडच्या कापसाला भाव आला, आणि १८७० साली खास त्या कापसासाठी जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो इथे आला होता. त्या रुळांवरून मारवाडी, गुजराती, कच्छी व्यापारी आले. जिनिंग-प्रेसिंग आलं, पेढ्या आल्या, अडत आली. आलेली माणसं लोटा घेऊन आली असतील, पण दाराच्या चौकटीवर नाव लावून बसली. भाव पाडून शेतकऱ्याला नाडणारेही त्यांच्यात होते, मी त्यांची पूजा करत नाही. पण नाडलेला शेतकरी संध्याकाळी घरी जाऊन कुणाच्या नावाने बोटं मोडायची हे जाणत होता. दुसऱ्या दिवशी चार माणसं घेऊन त्याच ओट्यावर जाऊन बसू शकत होता.

तुम्ही आम्हाला तेवढंही ठेवलेलं नाही. माझं सगळं भांडण इथे आहे.

स्वस्त विकायचं आणि नावही राखायचं, हे जमत नाही असं म्हणू नका. जमतं कसं ते पाहायला फार लांब जावं लागत नाही. फाळणीत पंजाबातून उखडलेले तीरथराम शर्मा शेगावला आले आणि १९५० मध्ये त्यांनी रेल्वे स्टेशनावर कचोरी विकायला सुरुवात केली. कचोरी म्हणजे काही चांदीचं ताट नव्हे. स्टेशनवरच्या हमालाला परवडेल असा पदार्थ आहे तो. पण त्यामागे एक माणूस होता, त्याचं आडनाव होतं, आणि गाडी दोन मिनिटं थांबली तरी लोक त्या नावाची कचोरी मागत होते. आज त्या कचोरीच्या नकला नागपूरपासून पुण्यापर्यंत विकल्या जातात. आणि चांदीचं म्हणाल, तर खामगावला रजतनगरी म्हणतात ते कशामुळे? देशभरातून लोक इथली चांदी घ्यायला येतात ते दुकानाच्या शिक्क्यावर भरवसा ठेवून. पिढ्यानपिढ्या त्या शिक्क्यामागे कुणीतरी आपली अब्रू ठेवली म्हणून तो भरवसा तयार झाला.

आणि याच गावात तुम्ही फलक लावला तो एका आकड्याचा.

तुम्ही ज्या गाळ्यात आहात, तिथे आधी भांड्यांचं दुकान होतं. ते तुम्ही बंद पाडलं, असा खोटा आरोप मी करणार नाही. म्हाताऱ्या मालकाचे गुडघे गेले, मुलगा पुण्यात नोकरीला लागला, लग्नाची भांडी लोक ऑनलाइन मागवू लागले, आणि गाळ्याच्या मालकाला जुन्या पागडीच्या भाड्यात रस उरला नाही. दुकान त्यांनी आपल्या हाताने आवरलं. पण त्या जागी काय होतं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगतो.

ओट्यावर गादी, गादीवर तक्क्या, मागे छतापर्यंत लावलेल्या पराती. गंज, गडवे, कोपरं, सराटे, झारे. रात्री दुकान बंद करताना खाचेत बसवायच्या सागवानी फळ्या, त्यावर खडूने घातलेले आकडे, कारण पाचवी फळी सातवीच्या जागी बसत नसे. स्टील असो की पितळ, भांडं वजनावर विकलं जाई. गिऱ्हाइकासमोर काटा लागे. जुनं भांडं आणलं तर ते मोडीत घेऊन, घट वजा करून, नव्याच्या किमतीतून पैसे कमी होत. म्हणजे बाईने दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या गंजाची किंमत दहा वर्षांनीही तिच्या हातात राहत असे. ती गुंतवणूक होती, मोडता येणारी. आजारपण आलं, पेरणीला बियाणं घ्यायचं राहिलं, तर मांडणीवरचा पितळी हंडा कामी येई. लेकीच्या लग्नात आंदणाची भांडी तर उधारीवरच निघत. खातं वहीत, आणि पैसे सोयाबीन विकल्यावर. गिऱ्हाईक बुडवेल याची भीती दुकानदाराला असे, भांडं गळकं निघेल याची भीती गिऱ्हाइकाला असे, आणि दोघंही एकमेकांचं घर ओळखत असल्यामुळे व्यवहार चाले.

भांडं घेतलं की शेवटी दुकानातला माणूस नाव टाकायचं मशीन काढायचा. त्याचा तो करकर आवाज सगळ्या गल्लीत जायचा. कुणाच्या लग्नात, कोणत्या मामाने दिलं, तारीख काय, सगळं त्या काठावर कोरलं जायचं. आमच्या घरात अजून अशी ताटं आहेत आणि ज्यांची नावं त्यावर आहेत त्यातली निम्मी माणसं आता नाहीत.

तुमच्या ९९ च्या डब्याचं गणित याच्या शेजारी मांडा. तो वजनावर विकला जात नाही, कारण वजन केलं तर काय निघेल ते तुम्हाला ठाऊक आहे. झाकणाचा कान दुसऱ्या महिन्यात तुटतो. भंगारवाला तो हातात घेऊन परत टाकतो. मग वर्षाला तीन डबे लागतात आणि तीनही उकिरड्यावर जातात. बाईला त्या दिवशी वीस रुपये वाचल्यासारखे वाटतात. वर्षाअखेर ते तिच्याकडून वसूल झालेले असतात, आणि हातात मोडीत घालायलाही काही नसतं. दारात तुम्ही बादल्यांची उतरंड लावता, बाजारापेक्षा खरोखर स्वस्त. आत गेल्यावर आठवडी बाजारात चाळीसला मिळणारी गाळणी त्याच ९९ च्या फळीवर ठेवलेली असते. दारातली बादली आत ओढण्यासाठी, आतली गाळणी वसुलीसाठी.

‘हर माल’ आम्हाला नवा नाही. देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेत, सैलानीच्या यात्रेत तो गाडीवाला आम्ही लहानपणापासून पाहिला आहे. शिट्ट्या, कंगवे, आरसे, फुगे. यात्रा उठली की तो उठायचा. घेणाऱ्यालाही ठाऊक असायचं की ही यात्रेतली वस्तू आहे, घरी पोचेपर्यंत टिकली तरी पुष्कळ. त्यात फसवणूक नव्हती. तुम्ही यात्रेचा व्यवहार उचलून बारमाही बाजारात आणला आणि वर पक्क्या दुकानाचं रूप चढवलं. दिवाळीआधी येता, लग्नसराई उरकली की जाता. कधी मंगल कार्यालयाचा हॉल, कधी चिखलीचा गाळा, कधी मेहकरचा. ‘कंपनी बंद, माल काढणे आहे’ आणि ‘शेवटचे ३ दिवस’ हे कापडी फलक तुमच्या दारावर ऊन खाऊन विटले, तरी ते तीन दिवस संपले नाहीत. गिऱ्हाइकाची दिशाभूल करणाऱ्या अशा जाहिरातीला कायदा अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. मी त्याला लबाडी म्हणतो.

आणि त्या सागवानी दर्शनी भागाचं काय केलंत! वरच्या माळ्याचा कोरीव कठडा तुमच्या फलकाच्या आड येत होता, म्हणून तो कापून काढला आणि त्यावर लाल रंगाचा एसीपी पत्रा ठोकला. आधी तिथे तैलरंगात रंगवलेली पाटी होती. कोपऱ्यात पेंटरने आपली सही केलेली. पाटी लिहिणाऱ्यालाही वाटत असे की उद्या कुणी विचारलं तर हे मी केलं असं सांगता यावं. अक्षराला सावली देणारे, जागा पाहून ‘भांडार’मधला ‘भां’ मोठा काढणारे ते पेंटर फ्लेक्स आल्यावर बसले. त्यातले काही आता घरांच्या भिंती रंगवतात. रस्त्याने शेगाव नाक्याकडे चालत गेलं, तर एकामागून एक तोच लाल-पिवळा पत्रा, तीच एलईडीची अक्षरं. वरच्या मजल्यांकडे मान वर करून पाहिलं तरच आपण खामगावात आहोत हे कळतं.

२०२२ साली महाराष्ट्राने दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती केली. दहापेक्षा कमी कामगार असले तरी दुकानाचं नाव मराठीत, देवनागरीत, आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत लावायचं. व्यापाऱ्यांच्या काही संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांत पाट्या बदला म्हणून बजावलं. मला या कायद्याचा आनंद झाला होता. तुमच्या फलकाने तो आनंद घालवला. तुमचा आकडा देवनागरीत आहे, ‘हर माल’ही देवनागरीत आहे. लिपीचा नियम तुम्ही पाळलात, आणि दुकान कुणाचं ते तरीही कुणाला कळत नाही. जीएसटीत तुमची नोंद असेल, तर २०१७ च्या नियमांप्रमाणे तो नोंदणी क्रमांक दारावरच्या नामफलकावर लिहायला हवा आणि प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावायला हवं. मी तुमच्या चारही भिंती पाहिल्या. एका भिंतीवर कॅमेरा आहे आणि त्याखाली ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’.

त्या वाक्याबद्दल आता सविस्तर बोलू.

आमच्या गल्लीत धुणीभांडी करणाऱ्या एका बाईंनी थंडीत तुमच्याकडून पाणी तापवायचा रॉड घेतला. १९९ रुपयांचा, तुमच्या दुसऱ्या फळीवरचा. त्यावर आयएसआयची खूण नव्हती, बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, पत्ता नव्हता. पाण्यात बुडवायच्या विजेच्या रॉडला आयएसआय खूण कायद्याने सक्तीची आहे, कारण तो पाण्यात असतो आणि माणूस बादलीत हात घालतो. दुसऱ्या आठवड्यात रॉडमधून ठिणगी उडाली. नशीब, त्या वेळी त्यांची नात बादलीपासून लांब होती. बाई रॉड पिशवीत घालून तुमच्याकडे आल्या. ‘बोर्ड वाचा.’ त्यांना वाचता येत नाही, हे त्यांनी सांगितलं. मग पोराने वाचून दाखवलं.

पावती मागितली होती का, असं मी त्यांना विचारलं. नव्हती मागितली. तुम्हीही दिली नव्हती. जीएसटीच्या कायद्यात अशी सवलत आहे की व्यवहार २०० रुपयांच्या आतला असेल आणि साध्या गिऱ्हाइकाने बिल मागितलं नाही, तर ते स्वतंत्र दिलं नाही तरी चालतं. तुमचे भाव ९९ आणि १९९ आहेत. एकेक वस्तू घेणारं गिऱ्हाईक त्या रेषेच्या आतच राहतं. मागितलं तर मात्र द्यावंच लागतं, हे तुमच्या दुकानात कुठेही लिहिलेलं नाही.

आता ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ काय म्हणतो ते ऐका. बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं, तीही. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत वस्तू परत घेऊन पैसे द्यायचे असतात. म्हणजे तुमच्या भिंतीवरचं ते वाक्य सदोष वस्तूपुरतं बेकायदा आहे आणि तुम्ही ते रंगीत छापून कॅमेऱ्याखाली लावलं आहे. पाकिटातल्या वस्तूवर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, किंमत, महिना आणि तक्रारीसाठी संपर्क हवा, हा २०११ चा वैधमापन नियम. खेळण्यांवर आयएसआय खूण १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची. तुमच्या खेळण्यांच्या फळीवर मी ती खूण शोधली. लहान लेकरं ती खेळणी तोंडात घालतात, शेठ.

इतकी दुकानं चालवता तर तुमच्या धंद्याच्या मूळ पुरुषाची गोष्ट तरी ठाऊक असू द्या. अमेरिकेत फ्रँक वूलवर्थने १८७९ मध्ये युटिका गावात पाच सेंटांचं दुकान काढलं. ते चाललं नाही. त्याच वर्षी लँकेस्टरला पुन्हा काढलं, ते चाललं. तुमचा सगळा धंदा, एकच भाव, मालाचे ढीग, हाताळून घ्या, तिथून निघाला. त्यानेही गावोगावची छोटी दुकानं खाल्ली, त्याचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. पण त्याने लाल पाटीवर सोनेरी अक्षरांत स्वतःचं आडनाव लावलं. १९१३ मध्ये त्याने न्यूयॉर्कला जगातली त्या वेळची सर्वांत उंच इमारत बांधली, तिलाही आडनावच दिलं. १९९७ मध्ये अमेरिकेतली आणि २००९ च्या जानेवारीत ब्रिटनमधली त्याच्या नावाची दुकानं बंद झाली, तेव्हा आपल्या रस्त्यावरून कोण गेलं हे तिथल्या लोकांना सांगता आलं. तुम्ही उद्या रात्रीतून शटर ओढलं तर आम्ही काय सांगायचं?

तुमचं नाव या गावात कुणालाच माहीत नाही, असंही नाही. गाळ्याच्या मालकाला माहीत आहे. त्यालाही या पत्रात थोडी जागा देतो. तीनपट भाडं मिळतं म्हणून त्याने आजोबांनी घातलेला सागवान कापू दिला. भाडेकरू बदलतो म्हणून त्याला पागडीची कटकट नाही, गावात तोंड दाखवायची तुम्हाला जरूर नाही. अकरा महिन्यांचा करार आहे, त्याला नोंदणी कशाला, असं तुम्ही दोघं म्हणत असाल तर तोही गैरसमज काढून टाका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा आणि नोंदलेला हवा. नोंदलेला असेल, तर दुय्यम निबंधकांच्या दप्तरात तुमचं पूर्ण नाव आणि गावचा पत्ता आहे.

त्या बाईंची तक्रार मी लिहून ठेवली आहे. बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही, आणि हा दावा १९९ रुपयांचा आणि एका पोरीच्या जिवाला झालेल्या धोक्याचा आहे. वस्तूचं वर्णन लिहिलं, रॉडचा फोटो जोडला, साक्षीदार म्हणून दोन शेजाऱ्यांनी सह्या केल्या. ‘विरुद्ध पक्षाचे नाव व पत्ता’ हा रकाना तेवढा मोकळा आहे. गाळ्याच्या मालकाला विचारलं, तो म्हणाला, ‘त्यांनाच विचारा नं भाऊ.’

म्हणून विचारतो आहे. येत्या सोमवारी दुकान उघडेल तेव्हा दारावर, त्या आकड्याच्या वर, तुमचं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक लिहिलेला असावा. अक्षरं लिहायला गावातलाच पेंटर बोलवा, त्याचा पत्ता मी देतो. भिंतीवरचं ते वाक्य काढा. आयएसआय खूण नसलेले रॉड आणि खेळणी फळीवरून उतरवा. बाईंचे पैसे परत करा, त्यांच्या घरी जाऊन, स्वतः. एवढं केलंत तर बादली मी तुमच्याकडूनच घेईन आणि तक्रार मागे घ्यायची की नाही ते त्या बाई ठरवतील.

नाही केलंत, तर मंगळवारी मी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात शोधाचा अर्ज करतो आहे.

आपला,
मेन रोडवरचा एक ग्राहक,
खामगाव, जि. बुलढाणा